रात्री साडेआठला कुकर लावू नका : नाताळच्या रेडिओ-संगीताबद्दल तुमचे प्रश्न

डिसेंबर उजाडला की या सदराच्या टपालाचा नूरच बदलतो. नोव्हेंबरपर्यंत तानपुऱ्याचं अ‍ॅप कुठलं घेऊ, पेटीचे सूर लावून देणारा कोणी आहे का असले प्रश्न येत असतात आणि मग एकदम नाताळ. यंदा पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं मिळून बरंच साठलंय, त्यातले सहा प्रश्न घेतलेत. बऱ्याच जणांनी एकच विचारलंय म्हणून पहिलं उत्तर लांबलंय, सांभाळून घ्या.

नमस्कार ताई, मुलगा आणि सून लीड्सला असतात. मागच्या वर्षी २४ तारखेला त्यांच्याकडे दुपार असताना फोन केला तर सून म्हणाली, आई नंतर करते हं, रेडिओवर किंग्ज चालू आहे, बटाटे सोलता सोलता ऐकतोय. मला वाटलं राजाचं भाषण असेल. मुलगा खूप हसला पण नीट सांगितलं नाहीच. हे असतं काय? आणि डोंबिवलीत बसून मला ऐकता येईल का? इंग्रजी गाणं मला फारसं समजत नाही हे आधीच सांगते.
*— एक आजी, डोंबिवली*

आजी, मुलाला सांगा हसू नकोस, राजाचं भाषण पण असतं आणि ते पण दुपारी तीनलाच, फक्त दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला. त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. सूनबाई जे ऐकत होत्या ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या चॅपलमधलं, म्हणजे कॉलेजच्या चर्चमधलं. नऊ धडे आणि कॅरल्स, म्हणजे नाताळची गाणी, असा तो सोहळा. बायबलमधले नऊ छोटे उतारे वाचतात, अ‍ॅडमच्या चुकीपासून सुरुवात करून येशूच्या जन्मापर्यंत, आणि मधे मधे गाणी. वाचणाऱ्यांची पण गंमत आहे, पहिला उतारा गाणाऱ्या मुलांपैकीच एक पोरगा वाचतो आणि मग चढत चढत शेवटचा कॉलेजचा प्रमुख वाचतो. सगळं मिळून दीडेक तास.

सुरुवात १९१८ ची. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, कॉलेजची कितीतरी पोरं परत आलीच नव्हती, आणि एरिक मिलनर-व्हाइट नावाचा चौतिशीतला माणूस, जो स्वतः आघाडीवर सैन्याचा पाद्री म्हणून राहून आला होता, तो चॅपलचा डीन, म्हणजे मुख्य पाद्री, झाला. त्याला वाटलं नेहमीची प्रार्थना या लोकांना पुरणार नाही. मूळ आराखडा त्याचा नाही, तो १८८० मधला कॉर्नवॉलमधल्या ट्रुरो गावचा, पण त्यानं तो घेतला, सुरुवातीची प्रार्थना स्वतः लिहिली आणि त्यात एक ओळ घातली, जे आता आपल्यात नाहीत, दुसऱ्या काठावर आणि जास्त उजेडात आहेत त्यांचीही आठवण ठेवू या अशा अर्थाची. ती ओळ आजही वाचतात. १९१८ साली त्या बाकांवर बसलेल्या आयांना ती कशी ऐकू गेली असेल याचा विचार केला की मला अजून कसंतरी होतं.

रेडिओवर हे आलं १९२८ मध्ये. तेव्हापासून १९३० चं एक वर्ष सोडलं तर दरवर्षी आहे. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीनं चॅपलच्या रंगीत काचा काढून ठेवलेल्या, आत गारठा, आणि प्रसारणात जागेचं नावसुद्धा घ्यायचे नाहीत, शत्रूला कळू नये म्हणून. तरी झालं. २०२० मध्ये कोरोनामुळे समोर माणसं नव्हती आणि आधी केलेलं रेकॉर्डिंग लावावं लागलं, पण वेळ चुकवली नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. आठच्या आत जेवण उरका, बीबीसीच्या वेबसाइटवर रेडिओ फोर लाइव्ह लावून ठेवा (नातवंडांपैकी कोणाला तरी हाताशी धरा), आणि साडेआठला गप्प बसा. सुरुवात अशी की एक मुलगा एकटा गातो. मागे ऑर्गन नाही, पेटी नाही, काही नाही. दहा-बारा वर्षांचं पोर, जगभरचे लाखो लोक कान लावून बसलेले, आणि तो पहिलं कडवं उघड्या आवाजात उचलतो. एकापेक्षा जास्त मुलं तयार करून ठेवलेली असतात आणि कोण गाणार हे त्यांना अगदी ऐनवेळी कळतं, संचालक खूण करतो, झालं. रात्रभर धास्ती नको म्हणून. दुसऱ्या कडव्याला बाकीचा क्वायर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, येतो, हळू, अजूनही साथ नाही. आणि तिसऱ्या कडव्याला ऑर्गन उठतो आणि चॅपलमधली सगळी माणसं गायला लागतात. शब्द एक कळला नाही तरी चालेल, एक माणूस, मग थोडे, मग सगळे, एवढं कळलं की झालं.

दुसरं म्हणजे वेळ. डिसेंबरात केंब्रिजला चारच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणजे सुरू होतं तेव्हा खिडक्यांत उजेड असतो आणि संपतं तेव्हा बाहेर काळोख, आत मेणबत्त्या. रेडिओवर हे दिसत नाही, पण माहीत असलं की ऐकू येतं. खरंच.

आपल्याकडे याच्या जवळचं काय म्हणाल तर नरकचतुर्दशीच्या पहाटेचं आकाशवाणीवरचं कीर्तन. उटणं लावून अर्धवट झोपेत बसलोय, बाहेर कोणीतरी पहिला फटाका उडवलाय आणि रेडिओवर नरकासुराचा वध चाललाय. ते कीर्तन दुपारी दोनला यूट्यूबवर लावून बघा बरं, काही होत नाही. तसंच हे आहे, म्हणून मी नंतर कधीतरी ऐकेन म्हणणाऱ्यांशी नेहमी वाद घालते. हे त्याच वेळी ऐकायचं असतं.

तुम्ही मागे एकदा कोरल संगीताची एवढी तारीफ केलीत म्हणून ऐकलं. मी पेटी शिकवतो, कान बऱ्यापैकी तयार आहे, पण चार जण चार वेगळ्या चाली एकाच वेळी म्हणतात हे मला कलकलाट वाटतं. नक्की कुठली चाल धरायची?
*— पेटीमास्तर, कोल्हापूर*

मास्तर, कान तयार आहे म्हणूनच त्रास होतोय. आपण एक सूर धरून त्यातून आडवं चालतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसं गेलात यात सगळी मजा. त्यांचं उभं बघावं लागतं, या क्षणी वर काय आहे, खाली काय आहे, आणि ते एकमेकांना ओढतायत की सोडतायत. आपल्या भजनात पन्नास माणसं असली तरी चाल एकच, फार तर कोणी वरच्या सप्तकात जातो. तिथे सर्वात वर मुलांचे आवाज, सहसा चाल त्यांच्याकडे, खाली आल्टो, टेनर आणि तळाला बास.

माझं ऐकाल तर चाल सोडून द्या. ती तुम्हाला पाठ झालीच आहे. बास धरा. नुसता खालचा आवाज पकडून एक अख्खं कॅरल ऐका, पेटीवर डाव्या हातानं वाजवा हवं तर. एकदा तो पाय सापडला की वरचे मजले आपोआप दिसतात. मग शेवटच्या कडव्याकडे लक्ष द्या, कारण तिथे बहुतेकदा सगळे लोक मूळ चाल म्हणतात आणि मुलं तिच्याही वर एक निराळीच चाल घेऊन उडतात, त्याला डेस्कंट म्हणतात. किंग्जला १९५७ ते १९७४ संचालक असलेल्या डेव्हिड विलकॉक्सनी लिहिलेले डेस्कंट आज इंग्रजी बोलणाऱ्या जगात जवळपास सगळीकडे गातात. हार्क द हेरल्ड या कॅरलमधला ऐकाच. ऐकताना हेही आठवा की ती चाल मेंडेल्सोन या जर्मन संगीतकारानं नाताळसाठी बांधलेलीच नाही, १८४० मध्ये गुटेनबर्गच्या छपाईला चारशे वर्षं झाली त्या समारंभासाठी होती ती. छापखान्याचं गाणं! शब्द त्याच्याही शंभर वर्षं आधीचे, दुसऱ्याच माणसाचे, आणि दोघांची गाठ तिसऱ्याच कोणीतरी घालून दिली.

आणि कलकलाट म्हणता तो तुम्ही लहानपणापासून ऐकताय. पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांत बाईच्या आवाजामागे व्हायोलिनचा ताफा वेगळंच काही वाजवत असतो ना, ते लिहिणारे सबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे, आणि गोव्यात स्वरलिपी नि व्हायोलिन शिकवलं जायचं ते चर्चच्या शाळांतून. तेव्हा ही भाषा अगदीच परकी नाही तुम्हाला. प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईला या, डिसेंबरात क्वायरचे कार्यक्रम असतात. कूमी वाडियांनी कित्येक दशकं घडवलेला परांज्योती अकॅडमी कोरस मी तरुणपणी ऐकला आणि तेव्हाच माझा कान फिरला.

हँडेलचा मसाया, ते येशूच्या गोष्टीचं लांबलचक गायन, ऐकायला एका हॉलमध्ये गेलो होतो. मधेच हॅलेलुया हे समूहगीत सुरू झालं आणि सगळे उभे राहिले, मी आणि बायको बसूनच. नंतर फार लाज वाटली. उभं राहायलाच लागतं का? रेडिओवर असलं तर घरात पण?
*— एक इंजिनीयर, पुणे*

घरात उभं राहिलात तर बायको काय म्हणेल ते तुम्ही बघा. गोष्ट अशी सांगतात की लंडनला राजा दुसरा जॉर्ज हे ऐकताना उभा राहिला, राजा उभा म्हणून सगळे उभे, आणि तेव्हापासून प्रथा. त्या काळातला पक्का पुरावा याला नाही, पण प्रथा मात्र पक्की आहे. बसलात तरी पाप नाही, कित्येक संगीतकार मंडळी तर म्हणतात बसा आणि ऐका, उठण्या-बसण्याच्या खुर्च्यांच्या आवाजात सुरुवात बुडते.

पण मुळात मसाया नाताळचा नाहीच! पहिला प्रयोग डब्लिनला, १३ एप्रिल १७४२, म्हणजे ईस्टरच्या आसपास. तीन भागांपैकी पहिल्यातच जन्माची गोष्ट आहे, हॅलेलुया दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं, तोपर्यंत सुळावर जाऊन पुनरुत्थानसुद्धा झालेलं असतं. हँडेलनं सगळं १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहून काढलं. डब्लिनच्या हॉलमध्ये गर्दी मावावी म्हणून आधीच विनंती केली होती की बायकांनी घेरदार झग्याखालचे हूप घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात. साधारण सातशे माणसं कोंबली. जमलेला पैसा दोन इस्पितळांना आणि कर्ज न फेडल्यामुळे तुरुंगात पडलेल्यांना गेला, १४२ कैदी सुटले त्यातून. मला हॅलेलुयापेक्षा ही गोष्ट जास्त आवडते, उगाच नाही सांगत. पुढे मात्र तो हळूहळू डिसेंबरात सरकला, आता तर रेडिओवाल्यांचं त्याच्याशिवाय पान हलत नाही.

बाखचा ख्रिसमस ऑरॅटोरिओ, म्हणजे नाताळच्या गोष्टीचं गायन, कोणीतरी सुचवला म्हणून लावला. अडीच तास! अर्ध्यात झोप लागली. माझ्यात काही कमी आहे का?
*— झोपाळू, नाशिक*

तुमच्यात काही कमी नाही, तुम्ही सहा दिवसांचा फराळ एका ताटात वाढून घेतलात. लाइपत्सिगमध्ये १७३४ च्या नाताळात हे एका बैठकीत झालंच नव्हतं. सहा तुकडे, सहा दिवस. २५, २६, २७ डिसेंबर, मग १ जानेवारी, मग नव्या वर्षातला पहिला रविवार आणि शेवटी ६ जानेवारी. प्रत्येक तुकडा साधारण अर्ध्या तासाच्या आतबाहेर. तसंच ऐका, त्या त्या तारखेला एकेक, सकाळी चहाबरोबर. दुसऱ्या दिवशीचा मला सगळ्यात जवळचा, त्यात मेंढपाळांचं वाद्यसंगीत आहे, रात्री कुरणात बसल्यासारखं, कर्णे-नगारे सगळे गायब.

पहिल्या दिवसाची सुरुवात मात्र नीट ऐका. काही कळायच्या आत टिंपनी, त्यांचा नगारा, वाजते, एकटी. मग बासऱ्या, मग ओबो, मग कर्णे. देवाच्या कार्यक्रमात ताशा आधी का? कारण ही चाल बाखनं वर्षभरापूर्वी, डिसेंबर १७३३ मध्ये, तिथल्या राणीच्या वाढदिवसासाठी केली होती आणि तिचे मूळ शब्दच होते वाजा रे नगाऱ्यांनो, घुमा रे कर्ण्यांनो. म्हणून आधी नगारा, मग कर्णा! वाढदिवस एका दिवसात संपला, चाल फुकट जाऊ नये म्हणून नवे शब्द बसवले. आपल्या संगीत नाटकवाल्यांनी पदं लिहिताना हेच केलं की, लावणीची चाल, कानडी चाल, घ्या आणि शब्द बसवा. हँडेल काही मागे नव्हता, मसायामधलं आमच्यासाठी बाळ जन्मलं हे कोरस आधी इटालियन प्रेमगीत होतं, तुझ्यावर भरवसा ठेवणार नाही वगैरे म्हणणारं.

१ जानेवारीला व्हिएन्नाहून कॉन्सर्ट असते त्यात आपले झुबिन मेहता कितीदा होते? घरात पैज लागली आहे.
*— दादर*

पाचदा. १९९०, १९९५, १९९८, २००७, २०१५. पैज जिंकलात तर मला बटाटेवडा. तिथले सव्वाअकरा म्हणजे आपले दुपारचे पावणेचार, कोरल नाही, वॉल्ट्झ आणि पोल्का, म्हणजे नाचाच्या चाली. ब्लू डॅन्यूब हा वॉल्ट्झ सुरू होताच लोक मुद्दाम टाळ्या वाजवून थांबवतात, कंडक्टर नि वादक नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात आणि मग परत पहिल्यापासून. गोड आहे सगळं, पण सुरुवात ३१ डिसेंबर १९३९ ची, नाझींच्या राज्यातली, हेही माहीत असावं.

ताई, रागावू नका पण दरवर्षी तुमचं केंब्रिज नि व्हिएन्ना. आम्ही मराठी ख्रिस्ती, आमच्याकडे नाताळात पेटी-तबला-झांजांवर गाणी होतात, रात्री घरोघर जातो. त्याबद्दल तुमच्या सदरात चार ओळी पण कधी आल्या नाहीत.
*— अहिल्यानगर*

रागावू कशी, तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. तेही तुमच्या गावासमोर, जिथे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्यातली महत्त्वाची वर्षं काढली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना सगळ्यात खुपलं ते हे की मराठी माणूस चर्चमध्ये जाऊन परक्या चालीत परक्या वळणाचं मराठी गातो. मग त्यांनी अभंग, ओवी, पदं यांतून शंभराहून जास्त गीतं लिहिली, तुकाराम-ज्ञानेश्वर ज्यांच्या तोंडात बसलेत त्यांना येशूचं नाव त्याच लयीत घेता यावं म्हणून. ख्रिस्ती कीर्तनंही व्हायची, अजून होतात. उपासना संगीत हे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक उघडलं की शेजारीशेजारी दोन्ही सापडतं, इंग्रजी चालीचं भाषांतर आणि पलीकडच्या पानावर अस्सल मराठी पद.

पण मला कागदावरचं माहीत आहे, तुमच्या रात्रीच्या फेरीतलं नाही. तेव्हा यंदा असं करा, २४ ला फिराल तेव्हा एक जण फोनवर रेकॉर्ड करा. भारी माइक नको, कुत्री भुंकली तरी चालतील, कोणाच्या दारात काय गायलात आणि चाल कोणाची एवढं लिहून पाठवा. वसईकरांनो, तुम्हालाही हेच. जानेवारीचं सदर त्यालाच देते, केंब्रिजचं नाव काढणार नाही.

जाता जाता इंटरनेटबद्दल, कारण हा प्रश्न निम्म्या पत्रांत आहे. लाइव्ह म्हणजे अगदी त्याच क्षणी नव्हे, स्ट्रीम काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतं, त्यामुळे लीड्सच्या सुनेला फोन लावून एकत्र ऐकायला जाऊ नका, तिचं कडवं संपेल तेव्हा तुमचं सुरू होईल. कुठल्या देशात कुठलं अ‍ॅप चालतं याचे नियम बदलत असतात, म्हणून २३ लाच एकदा लावून बघा. २५ ला बीबीसी रेडिओ थ्रीवर पुन्हा लागतं, ते राखीव ठेवा. मोबाइलच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही, मास्तर हे तुमच्यासाठी, साधे वायरवाले इअरफोन लावलेत तरी फरक पडेल. वडिलांच्या मर्फीवर शॉर्टवेव्हला खरखरीतून ऐकायचो तेव्हा निम्मं समुद्रच ऐकू यायचा, आता तेवढं तरी नाही.

गेल्या वर्षी माझं नेट शाबूत होतं, वीज शाबूत होती, साडेआठला पोरानं श्वास घेतला, पहिली ओळ उचलली, आणि स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी. डाळ मीच लावली होती. वरणभात आठच्या आत उरका.